इतिहासाचं दीर्घ उत्तर लिहिताना या चुका टाळा

इंदूरला आमच्या घरी परीक्षेच्या दिवसांत चार-पाच मुलं इतिहासाची उत्तरं दाखवायला येतात. घरी मराठी बोलणारी, पेपर हिंदीत देणारी. मेहनती आहेत, सनावळ्या तोंडपाठ असतात, तरी पंधरापैकी सहाच मार्क पडतात. त्यांच्या वह्या वाचल्यावर लक्षात येतं की अभ्यास भरपूर झालाय, प्रश्नच नीट वाचलेला नाही.

परवाचा प्रश्न पाहा. पानिपतच्या तिसऱ्या युद्धामुळे मराठा सत्ता संपली, असं विधान आणि पुढे 'समीक्षा कीजिए'. एका मुलीने तीन पानं भरली: अब्दाली, सदाशिवरावभाऊ, इब्राहिमखान गारदीचा तोफखाना, छावणीतली उपासमार, १४ जानेवारी १७६१. सगळं बरोबर. पण सत्ता संपली की नाही, हे तीन पानांत कुठेच नाही! 'समीक्षा' म्हटलं की मराठी कानाला पुस्तकाचं परीक्षण आठवतं. इथे मात्र विधान कितपत खरं आहे, ते पारखायचं असतं. 'वर्णन कीजिए' असतं तर तिचं उत्तर चाललं असतं. म्हणून पेन उचललं की आधी त्या एका शब्दाखाली रेघ मारा.

मग आम्ही तेच उत्तर पुन्हा बांधलं. पहिल्याच वाक्यात आपलं म्हणणं: पानिपतात मराठ्यांची एक कर्ती पिढी गेली, पण सत्ता बुडवली ती पुढच्या आपसातल्या भांडणांनी. आता पुरावे. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते आणि महादजी शिंद्यांच्या पाठबळावर मुघल बादशहा शाहआलम पुढच्या वर्षी गादीवर परतला. म्हणजे दहा वर्षांत मराठे सावरले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरा बाजीराव पळाला आणि डिसेंबरअखेर वसईला इंग्रजांशी तह करून बसला. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर लढायला उभे राहिले, तोवर त्या दोघांचे तह होऊन गेले होते. इथे प्रत्येक सन काहीतरी सिद्ध करतो. नुसता सन लिहिलात तर तपासणारा तो वाचून पुढे जातो.

प्रस्तावनेत शिवाजी महाराजांपासून सुरुवात करू नका. महाराजांबद्दलचा आदर मनात असू द्या. पानिपतच्या प्रश्नात ते दीड पान वाया जातं. चार ओळी पुरतात.

आपल्या गावाच्या इतिहासात होणाऱ्या चुका मला जास्त लागतात. अहिल्याबाई राजवाड्यात बसून राज्य करत होत्या, असं इंदूरची मुलं सर्रास लिहितात. रोज राजवाड्यावरून जातो ना आपण, म्हणून तसं वाटतं. १७६७ ते १७९५ हा त्यांचा कारभार चालला महेश्वरहून. राजधानी इंदूरला आली ती १८१८ मध्ये, होळकरांच्या इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर. दुसरी चूक नावांची. १७६६ मध्ये वारलेले मल्हारराव, म्हणजे अहिल्याबाईंचे सासरे, वेगळे आणि डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईच्या वेळी गादीवर असलेले अल्पवयीन मल्हारराव वेगळे. यशवंतराव आणि तुकोजीराव यांचंही तसंच. नाव पहिल्यांदा येईल तिथेच 'पहिले' की 'दुसरे' ते लिहून टाका.

वेळेचं गणित बिघडतंच. त्यासाठी सुरुवातीची तीन-चार मिनिटं कच्च्या कामाच्या पानावर फक्त मुद्दे उतरवा, त्यांचा क्रम लावा आणि मगच उत्तर सुरू करा. शेवटी पाचच मिनिटं उरली आणि दोन मुद्दे राहिले, तर प्रत्येकाला एकेक पूर्ण वाक्य द्या आणि 'म्हणून हे विधान अर्धंच खरं आहे' असा स्पष्ट निकाल लिहूनच पेपर द्या.