मुलाला निवासी शिबिराला पाठवताय? या चुका टाळा

निवासी शिबिराच्या दुसऱ्या रात्री येणाऱ्या रडक्या फोनची बीजे पुष्कळदा घरातच पेरलेली असतात. निघण्यापूर्वी कुणी तरी प्रेमापोटी उच्चारलेले एखादे वाक्य किंवा प्रवेशअर्जात संकोचाने कोरा ठेवलेला एखादा रकाना शिबिरात गेल्यावर त्रासदायक ठरतो. बॅगेत काय भरायचे याची यादी आयोजक देतातच. पालकांच्या खऱ्या चुका त्या यादीबाहेर होतात.

‘नाही आवडलं तर लगेच घेऊन येऊ’

हे वचन जवळपास प्रत्येक घरात दिले जाते आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान तेच करते. मुलाला त्यातून पहिला अर्थ असा लागतो की, आपल्याला हे जमणार नाही असे आईबाबांनाच वाटते आहे. पुढे घरच्या आठवणीने जीव कासावीस झाला की, नव्या मुलांत मिसळण्याची धडपड करण्याऐवजी ते सुटकेच्या त्या वचनाकडे डोळे लावून बसते. अशा वेळी पालक गेले नाहीत, तर त्यांनी शब्द मोडला असे होते आणि गेले, तर ‘मला घराबाहेर राहता येत नाही’ ही समजूत पक्की होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 साली घराच्या ओढीविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही परत आणण्याचे असे सौदे करू नयेत, असेच सुचवलेले आहे.

त्याऐवजी मुलाला खरे सांगावे. घरची आठवण येईल, ती बहुतेक सगळ्यांना येते आणि ती दिवसभराच्या धावपळीपेक्षा निजायच्या वेळी किंवा रिकाम्या दुपारी जास्त येते, हे त्याला आधीच ठाऊक असले तर तो क्षण आल्यावर आपले काही बिघडले आहे असे त्याला वाटत नाही. तेव्हा काय करायचे, हेही बोलून ठेवावे: गटप्रमुखाला सांगायचे, पत्र लिहायचे, शेजारच्या मुलाशी गप्पा मारायच्या, उरलेल्या दिवसांवर रोज एक खूण करायची. वचन आधीच देऊन झाले असेल, तर ते तसेच लोंबकळत न ठेवता निघण्यापूर्वी मोकळेपणाने मागे घ्यावे. ‘मी तसं घाईत म्हणालो होतो. अडचण आली तर तिथली मोठी माणसं तुला मदत करतील आणि आम्ही त्यांच्याशी बोलत राहू,’ एवढे पुरते.

पूर्वी कधीही आईवडिलांशिवाय न राहिलेल्या मुलाला थेट 10 दिवसांसाठी पाठवणे ही याच जातीची चूक होय. आधी आजीआजोबांकडे किंवा मित्राच्या घरी दोन-तीन रात्री, शक्यतो फोनशिवाय, राहू द्यावे आणि परतल्यावर काय अवघड गेले, ते कसे निभावले, हे विचारावे. शिबिर निवडतानाही मुलाचे मत घ्यावे, कारण आपल्याला न विचारता धाडले असे वाटणाऱ्या मुलाला घराची ओढ अधिक छळते.

अर्जातील लपवाछपवी

रात्री अंथरूण ओले होते, ही गोष्ट पालक हमखास लपवतात. वास्तविक सातव्या वर्षी शंभरातील साधारण 5 ते 10 मुलांच्या बाबतीत ते घडते आणि अनुभवी आयोजकांना त्यात नवल वाटत नाही. त्यांना माहीत असेल, तर निजण्यापूर्वी आठवण करणे, रात्री हळूच उठवणे, सकाळी कुणाच्या लक्षात येण्याआधी चादर बदलणे हे सारे गुपचूप उरकते. माहीत नसेल, तर ते सगळ्या खोलीसमोर उघड होते. अंथरूण ओले होण्यावर डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिन हे रात्रीची लघवी कमी करणारे औषध सुचवले, तर ते शिबिराच्या काही आठवडे आधीच घरी वापरून पाहावे. हे औषध घेतल्यावर रात्री पाणी मोजकेच प्यावे लागते, अन्यथा रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून ही सूचना शिबिरात औषध देणाऱ्या व्यक्तीला लेखी कळवावी.

झोपेत चालण्याची सवय, दमा, ॲलर्जी, घरात नुकताच झालेला मृत्यू किंवा आईवडिलांचे वेगळे होणे हेही सांगायलाच हवे. तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलासोबत ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शने द्यावीत आणि ती कुलूपबंद कपाटात न राहता मुलाच्या आसपास असतील, याची खात्री करून घ्यावी. रोजची औषधे मूळ वेष्टनातच पाठवावीत. सुट्टीच आहे म्हणून एकाग्रतेसाठीची किंवा मानसिक आजारावरची औषधे परस्पर बंद करणे तर पूर्ण चुकीचे, कारण नवख्या जागी मुलाला त्यांची गरज अधिकच असते.

न विचारलेले प्रश्न

माहितीपत्रकातल्या हसऱ्या चेहऱ्यांवर भाळून पैसे भरण्यापूर्वी रात्री मुलांजवळ कोण झोपते, एखादी मोठी व्यक्ती मुलासोबत बंद खोलीत एकटी राहणार नाही असा नियम आहे का, पाण्यात उतरण्यापूर्वी पोहण्याची चाचणी होते का, हे विचारावे. मुलांमागे किती माणसे, हा प्रश्न तर टाळूच नये. अमेरिकेतील शिबिरांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांनुसार निवासी शिबिरात 6 ते 8 वर्षांच्या 6 मुलांमागे आणि 9 ते 14 वर्षांच्या 8 मुलांमागे किमान एक कर्मचारी असावा लागतो. तुलनेसाठी हे माप उपयोगी पडते. अशा प्रश्नांनी आयोजक चिडत असतील, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

बॅगेबाबत थोडकेच सांगण्यासारखे आहे. ती मुलाने स्वतः भरावी, म्हणजे कोणती वस्तू कुठे आहे हे त्याला कळते, आणि बूट नवे असतील तर दोन आठवडे आधी वापरायला काढावेत. बंदी असूनही कपड्यांच्या घडीत मोबाइल लपवून देणाऱ्या पालकांनी मात्र आपण नियम मोडायला शिकवतो आहोत, हे ध्यानात घ्यावे.

पत्र किंवा फोन आल्यावर

‘तुझ्याविना घर खायला उठतं’ असे पत्र वाचून मुलाला अपराधी वाटते. घरातल्या साध्या घडामोडी लिहाव्यात आणि त्याच्या दिवसाबद्दल विचारावे. मुलाचे ‘मला घेऊन जा’ असे पत्र हाती पडते, तेव्हा ते काही दिवसांपूर्वीच्या रात्रीचे असते आणि लिहिणारा एव्हाना खेळात दंग झालेला असू शकतो. शिबिराने पाठवलेल्या छायाचित्रांत आपल्या मुलाचा न हसणारा चेहरा मोठा करकरून पाहण्यालाही फारसा अर्थ नाही.

रडत फोन आला, तर आधी पूर्ण ऐकून घ्यावे. ‘घरी यायचंय का?’ असे आपण होऊन विचारू नये. नंतर शिबिरप्रमुखाला फोन करून तो जेवतो का, झोपतो का, दिवसा खेळांत भाग घेतो का, हे विचारावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करावी. कुणी गैरवर्तन केल्याचे मूल सांगत असेल किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी निघावे. काही दिवस अन्न आणि झोप दोन्ही तुटली असतील, तरीही आणावे. अशा प्रकारे परत आणलेल्या मुलाला वाटेत बोल लावू नये. तिथे काढलेल्या दिवसांत काय जमले ते विचारावे आणि पुढचे शिबिर दोन रात्रींचे निवडावे.