हॉटेलातला तीन मजली चहा: जळगाव-भुसावळहून लंकेला जाणाऱ्यांसाठी

दुपारचं जेवण करू नका, हे पहिलं. ‘चहाच तर आहे’ म्हणत आपली मंडळी एक वाजता बुफेवर ताव मारतात आणि चार वाजता पांढऱ्या मेजावर तीन मजली स्टँड आला की एकमेकांची तोंडं बघत बसतात. या चहात, म्हणजे ‘आफ्टरनून टी’त, सँडविच येतात, स्कोन म्हणजे छोटे गोल, भुसभुशीत पावासारखे तुकडे येतात, केक-पेस्ट्री येतात. सकाळी नाश्ता उशिरा करा, मधे शहाळं प्या, आणि भूक घेऊन जा. इंग्लंडात 1840 च्या सुमारास हा प्रकार रुळला तोच भुकेपोटी. रात्रीचं जेवण आठ-नऊला, मग मधल्या वेळेला बेडफोर्डच्या डचेसबाईंच्या पोटात खड्डा पडायचा म्हणे.

आमच्याकडे केळीचा व्यवहार. कापणीच्या गडबडीतून सवड निघाली की आम्ही फिरतो, आणि लंकेला जाऊन आल्यापासून नात्यातलं कुणीही तिकडे निघालं की फोन मलाच येतो. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

कुठे आणि कधी

कोलंबोत गॉल फेस हॉटेल आहे, 1864 सालचं, व्हरांडा थेट समुद्राकडे. शहराच्या दक्षिणेला माउंट लाव्हिनिया हॉटेल, मुळात ब्रिटिश गव्हर्नराचा बंगला. डोंगरात जाणार असाल तर नुवारा एलियाचं ग्रँड हॉटेल. तिथे मात्र स्वेटर न्या. जवळपास 1,900 मीटर उंचीवर आहे ते गाव. आपल्या मे महिन्याच्या रखरखाटातून जाणाऱ्याला वाटतं, कशाला हवा स्वेटर, संध्याकाळी कळतं.

कोलंबोत पश्चिमेला समुद्र आहे आणि वर्षभर सूर्य साधारण पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. घड्याळ आपलंच आहे, काटे फिरवायला नकोत. चारचं टेबल घेतलं तर सावकाश खाऊन सूर्यास्त पदरात पडतो. पाचचं घेतलं तर अर्धं लक्ष फोटोत. बुकिंग करताना ‘व्हरांड्यात, छताखाली’ असं सांगा. आपल्याला सुट्ट्या मिळतात त्या मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, आणि नेमका मे महिन्यात तिथला पावसाळा सुरू होतो, दिवाळीच्या सुमारास दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. उघड्यावरचं टेबल दिसायला छान, पण पाऊस आला की ताट घेऊन पळावं लागतं. दुसरी पीडा कावळे. कोलंबोचे कावळे भलतेच धीट. फोटोसाठी सगळे उठून कठड्याशी गेलात की वरच्या मजल्यावरची पेस्ट्री गेली समजा.

‘हाय टी’ आणि ‘आफ्टरनून टी’ यात आता हॉटेलवालेच गोंधळ घालतात. आपल्याकडे तर लग्नातल्या समोसा-ढोकळ्यालाही हाय टी म्हणतात. तेव्हा नावावर जाऊ नका, बुफे आहे की टेबलावर स्टँड येतो ते विचारा. मला विचाराल तर स्टँडच घ्या. बुफेत उठबस होते आणि बसण्याची मजा जाते, आणि पैसे आपण त्या बसण्याचेच देतो.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

बुकिंगच्या वेळीच सांगा, आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण अंडं मांसाहारात धरलं जाईलच असं नाही. ‘नो मीट, नो फिश, नो एग’ असं तोडून सांगा. जैन मंडळींनी कांदा-लसूण-बटाटा वेगळा सांगावा. मूस किंवा जेलीसारखं काही थरथरणारं असेल तर जेलॅटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं घट्ट करणारं द्रव्य, आहे का विचारा.

खरा सापळा खारट पदार्थांत आहे. लंकेत ‘कटलेट’ म्हणून गोल, सोनेरी, ब्रेडक्रम्समध्ये तळलेली गोळी येते. अगदी बटाटावडा वाटावा अशी. आत बहुतेक वेळा मासा असतो. ‘पॅटिस’मध्येही तेच. आणि ‘सिनी संबोल’ भरलेला बन आला तर आणखी सावध. परतलेल्या कांद्याचं गोड-तिखट सारण दिसतं, पण त्यात उंबलकड घालायची पद्धत आहे, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. डोळ्याला दिसत नाही. काकडीचं सँडविच बिनधोक, फक्त त्यात लोणी आहे की मेयोनेज तेवढं बघा.

चहा कोणता मागवायचा

इथे आपली निराशा होते, आणि कारण माहीत नसल्यामुळे होते. आपण घरी उकळतो ती दाणेदार पावडर सीटीसीची. यंत्रात पान चिरडून, फाडून, गोळी वळलेली. दोन मिनिटांत रंग सोडते, दूध-साखर-आलं सगळं पेलते. लंकेत बहुतेक चहा ऑर्थोडॉक्स पद्धतीचा, म्हणजे पान वळून, सुकवून तयार केलेला. तो उकळायचा नसतो, गरम पाण्यात मुरवायचा असतो. मामींच्या कपात पहिल्यांदा नुवारा एलियाचा चहा ओतला तेव्हा कपाचा तळ स्वच्छ दिसत होता. मामी म्हणाल्या, “हाई पानी शे का चाय शे?” वेटर बिचारा हसून उभा.

तर असं करा. मेनूत बागेच्या भागाची नावं असतात. नुवारा एलिया म्हणजे उंचावरचा, फिका, सुगंधी. तीन मिनिटं मुरवा आणि दूध घालू नका. दिंबुला त्याहून भरीव, दुधाशिवाय उत्तम, थोडं दूध चालतं. रुहुना दक्षिणेच्या सखल भागातला, गडद आणि कडक, दूध घेणाऱ्यांनी हाच मागवावा, पाच मिनिटं मुरवावा. दूध वेगळ्या छोट्या जगमध्ये येतं, बहुधा गारच. ‘हॉट मिल्क’ मागितलं की देतात. दोघं असाल तर दोन वेगळे चहा मागवा आणि अदलाबदल करा. किटलीत पान सुटं असेल तर गाळणी कपावर धरा. चहा कडू झाला तर जास्तीचं गरम पाणी मागा. मसाला चहा मिळेलही, पण तो घरी आहेच की.

जाता जाता, शेतकऱ्याला पटेल अशी गोष्ट. लंका आधी कॉफीची होती. 1869 च्या सुमारास कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे बसले. सुदैवाने जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने 1867 मध्येच लूलकंदुरा इथे चहा लावून ठेवला होता. मग सगळे तिकडे वळले. पीक बदलायची वेळ कुणावर येत नाही?

खायचं कसं

खालून वर. खाली सँडविच, मधे स्कोन, वर गोड. काही ठिकाणी स्कोन गरम राहावेत म्हणून वेगळे, कापडात गुंडाळून आणतात. ते आले की सँडविच बाजूला ठेवून आधी तेच खा, गार झाले की घशात अडकतात. स्कोन सुरीने कापू नका. मधोमध एक चीर असते, तिथे दोन्ही अंगठे लावले की हाताने दोन भाग होतात. प्रत्येक भागावर जॅम आणि क्रीम. आधी काय लावायचं यावरून इंग्लंडात डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात, आपण कशाला पडा. क्रीम म्हणजे घट्ट साय असते ती, पण उष्ण देशात कधी कधी नुसतं फेटलेलं क्रीम ठेवतात. त्याची चव तितकी नाही.

करंगळी उंचवायची गरज नाही. बशीत ओतून प्यायचा असेल तर प्या, वेटर काही बोलणार नाही. पर्समधला चिवडा मात्र काढू नका. कपडे नीटनेटके असले की झालं, साडी किंवा सलवार-कुर्ता उत्तम. समुद्रावरून ओल्या चपलांनी थेट यायचं नाही.

पैसे

मेनूत किमतीपुढे ‘प्लस-प्लस’ असेल तर वर सेवा आकार आणि सरकारी कर लागतात. सेवा आकार बहुधा 10 टक्के, व्हॅट 18 टक्के, म्हणजे 100 चे 130 च्या आसपास किंवा थोडे वर धरा. सेवा आकार लागला असेल तर मोठ्या टिपेची सक्ती मानू नका, सेवा आवडली तर थोडं हातावर ठेवा. स्टँड एकाचा की दोघांचा, हे मागवण्याआधीच विचारा. दोघांचा असतो तिथे चार जणांनी चार सांगितले तर टेबलावर जागा उरत नाही. उरलेले स्कोन आणि केक बांधून मागा. अंडं-मेयोनेजचं सँडविच त्या उकाड्यात खोलीवर नेऊ नका.

आणि इतकं गोड झाल्यावर खान्देशी जिभेला तिखट लागणारच. गॉल फेसला असाल तर हॉटेलबाहेरच्या मैदानावर संध्याकाळी गाड्या लागतात. तिथे ‘इस्सो वडे’ म्हणजे डाळीच्या वड्यावर आख्खी कोळंबी. शाकाहारी असाल तर ‘परिप्पू वडे’ म्हणून मागा, नुसत्या डाळीचे. तळण मात्र बहुधा एकाच कढईत असतं, चालत असेल तरच घ्या.