शाळेनंतरचा अभ्यासवर्ग: स्वयंसेवकांनी तो कसा उभारावा आणि कसा टिकवावा

शाळा सुटल्यापासून घरातील मोठी माणसे कामावरून परतेपर्यंतचे तास ज्या मुलांना एकट्याने काढावे लागतात, आणि ज्यांच्या घरात गरिबीच्या जोडीला मारहाण, व्यसन, दीर्घ आजारपण किंवा सततचे स्थलांतर असते, त्या मुलांचे शिक्षण कधी अर्धवट सुटेल याचा नेम नसतो. अशा मुलांसाठी परिसरातील लोकांनी चालवलेला अभ्यासवर्ग मोठा आधार ठरू शकतो. मात्र तेथे शिकवण्याइतकेच महत्त्व एका भरवशाच्या माणसाच्या सोबतीला असते. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके अभ्यास केला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुले अनेक अडचणींच्या परिस्थितीत वाढत होती, तरीही त्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश पुढे सक्षम आणि आत्मविश्वासू प्रौढ झाली. त्यांना सावरणाऱ्या गोष्टींमध्ये मायेने लक्ष देणारे एखादे मोठे माणूस ही ठळक गोष्ट होती, आणि ते माणूस नेहमी आई किंवा वडीलच होते असे नाही. कुठे आजी-आजोबा होते, कुठे शिक्षक, कुठे शेजारी.

आधी मुदत ठरवावी

स्वयंसेवक गोळा करताना त्यांचे शिक्षण किंवा शिकवण्याचा अनुभव विचारण्याआधी ते किती काळ येऊ शकतील हे विचारावे. मुलांना प्रौढ स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणून जोडून देणाऱ्या अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या कामाचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलामुलींचा समावेश होता, आणि दीड वर्षानंतर मार्गदर्शक मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांकडे वळण्याचे प्रमाण प्रतीक्षायादीतील मुलांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळले. याच माहितीची जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुन्हा छाननी केली, तेव्हा २००२ साली एक अस्वस्थ करणारी बाब पुढे आली: सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली तेथे फायदा सर्वाधिक होता, पण जेथे ती तीन महिन्यांच्या आत तुटली तेथे मुलांचा स्वतःविषयीचा आणि अभ्यासातील आत्मविश्वास खालावला होता. मोठी माणसे सोडून जातात हा अनुभव ज्या मुलाला आधीच आलेला आहे, त्याला तोच अनुभव पुन्हा देणे हे मदत न करण्यापेक्षा वाईट आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून किमान एका वर्षाची लेखी तयारी असेल त्यालाच मुलाची जबाबदारी द्यावी. आठवड्यातील पाच दिवस कबूल करून दोन महिन्यांत थकून जाण्यापेक्षा ठरलेले दोनच दिवस, ठरलेल्या वेळी, न चुकता येणे मुलासाठी कितीतरी मोलाचे असते. एखाद्या दिवशी येणे शक्य नसेल, तर ते आधीच्या भेटीतच मुलाला सांगावे. ज्यांच्या परीक्षा, बदली किंवा परगावी जाणे जवळ आले आहे, त्यांना अभ्याससाहित्य तयार करणे, नोंदवह्या ठेवणे, पुस्तके जमवणे अशी कामे द्यावीत.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम

वर्गाचा पहिला दिवस उजाडण्याआधी हे नियम लिहून काढावेत आणि प्रत्येक स्वयंसेवकाची त्यांवर सही घ्यावी. प्रत्येकाची ओळखपत्रे तपासावीत, त्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींकडे चौकशी करावी, आणि कायद्याने सोय असेल तेथे पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. कोणतीही मोठी व्यक्ती मुलासोबत बंद खोलीत एकटी बसणार नाही. दार उघडे असेल आणि जवळपास दुसरी प्रौढ व्यक्ती असेल. मुलाशी खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये, परस्पर भेटवस्तू किंवा पैसे देऊ नयेत, पालकांच्या लेखी संमतीशिवाय छायाचित्रे काढू नयेत. हे नियम मुलांनाही त्यांच्या भाषेत सांगावेत, कारण कोणते वागणे चुकीचे आहे हे माहीत असलेले मूल लवकर बोलते.

जागेविषयी फार सांगण्यासारखे नाही. उजेड, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि ये-जा करण्याचा सुरक्षित रस्ता एवढे असले की पुरे. एका स्वयंसेवकाकडे तीन-चार मुलांहून अधिक मुले मात्र देऊ नयेत.

मूल जेथे आहे तेथून सुरुवात

पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे आणि मुलाला प्रत्यक्षात काय येते ते पाहावे. वाचनासाठी अक्षरे, साधे शब्द, जोडाक्षरे असलेली वाक्ये, छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट अशा चढत्या क्रमाने मजकूर द्यावा, आणि मूल जेथे अडखळते ती पायरी टिपून ठेवावी. गणितात अंकओळख, दोन अंकी बेरीज, हातच्याची वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार असा क्रम धरावा. सहावीतील मूल भागाकारात अडते तेव्हा खरी अडचण पुष्कळदा वजाबाकीत किंवा संख्येच्या स्थानिक किमतीत दडलेली असते, आणि ती दूर न करता भागाकाराची पन्नास उदाहरणे सोडवून घेतल्याने केवळ कंटाळा वाढतो. मुंबई आणि वडोदरा येथील शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतीलच तरुणींना थोडे प्रशिक्षण देऊन मागे पडलेल्या मुलांना पायाभूत वाचन आणि गणित शिकवायला नेमले होते. त्या उपक्रमाची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले. हे काम करायला पदवीधर शिक्षकच हवा असे नाही, हा दिलासा त्यातून मिळतो.

मोठ्या मुलाला लहानांचे पुस्तक हातात देऊ नये. त्याला ते अपमानास्पद वाटते. मजकूर सोपा असावा, पण विषय त्याच्या वयाला साजेसा असावा: खेळाची बातमी, प्राण्यांविषयीची माहिती, एखाद्या यंत्राचे वर्णन. उत्तर चुकले तर लगेच दुरुस्त न करता ‘हे उत्तर कसे आले ते मला सांग’ असे म्हणावे, कारण मूल पायऱ्या सांगू लागले की चूक कोठे झाली हे अनेकदा त्यालाच उमगते. शिकवलेला भाग दोन दिवसांनी, मग आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने विचारावा. शाबासकी नेमकी असावी. ‘हुशार आहेस’ म्हणण्याऐवजी ‘आज तू अवघड शब्द न सोडता तोडून वाचलास’ असे सांगितले की काय जमले ते मुलाला कळते.

गृहपाठाबाबत तोल सांभाळावा लागतो. तो अपुरा राहिल्यास मुलाला शाळेत बोलणी बसतात, म्हणून त्याला थोडा वेळ द्यावाच. पण सगळा तास त्यातच गेला तर पाया कच्चाच राहतो. तासाचा तिसरा भाग गृहपाठाला आणि उरलेला पायाभूत सरावाला, ही विभागणी मला योग्य वाटते.

ऐकणे, आणि ऐकल्यानंतर काय करावे

सुरुवातीच्या आठवड्यांत मूल उशिरा येईल, उद्धटपणे बोलेल किंवा गप्प बसेल. हा माणूसही निघून जाईल का, हे ते पुष्कळदा अशा वागण्यातून तपासत असते. वर्गातून काढून टाकण्याची धमकी कधीही देऊ नये. घरच्या परिस्थितीविषयी खोदून विचारू नये; प्रत्येक भेटीची पहिली दहा मिनिटे मोकळ्या गप्पांसाठी ठेवली की मूल आपल्या वेळेने बोलू लागते.

त्या बोलण्यातून मारहाण, लैंगिक छळ किंवा अन्य धोका उघड झाला, तर शांतपणे ऐकून घ्यावे, ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ असे म्हणावे, आणि उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ज्यांना मदत करता येईल त्यांना सांगावे लागेल, हे मुलाला तेव्हाच समजावून द्यावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवावेत, गटाने आधी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला लगेच कळवावे, आणि तिने बालसंरक्षण यंत्रणेशी संपर्क साधावा. धोका तातडीचा असेल तर थेट पोलिसांना बोलवावे. संशयित व्यक्तीला स्वतः जाब विचारायला जाऊ नये, कारण त्याचा त्रास प्रथम मुलालाच होतो.

पालकांशी भेट केवळ तक्रारीसाठी नसावी. मुलाने पहिल्यांदा सलग वाचलेला परिच्छेद त्यांना ऐकवावा, आणि वर्गशिक्षकांकडून महिन्यातून एकदा हजेरी आणि अडचणीचे विषय विचारून घ्यावेत.

निरोप घ्यावा लागला तर

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी स्वयंसेवकाला जावे लागते. ते मुलाला किमान महिनाभर आधी, खऱ्या कारणासह सांगावे, म्हणजे आपल्यामुळे हे घडले असे त्याला वाटणार नाही. नव्या मार्गदर्शकाने शेवटच्या तीन-चार भेटींना जुन्यासोबत बसावे, जुन्याने मुलाची प्रगतिवही नव्याच्या हाती द्यावी, आणि त्या वहीतील कोणत्या गोष्टी नव्या माणसाला सांगायच्या हे मुलालाही विचारावे. धोक्याची नोंद मात्र जबाबदार व्यक्तीकडेच राहावी. पुन्हा भेटायला येणे खरोखर शक्य असेल तरच तसे कबूल करावे, आणि कबूल केल्यास तारीख वहीत लिहून द्यावी.