रोज महत्त्वाचं काम आधी कसं उरकायचं

दिवसभर राबूनही संध्याकाळी मेन काम तसंच राहिलेलं असतं, हे खूप जणांचं होतं आणि त्याला आळस म्हणता येणार नाही. ज्या कामासाठी कोणीतरी फोन करतंय, व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकतंय ते आपण आधी करतो आणि ज्यासाठी कोणीच मागे लागत नाही ते राहतं, मग ते कितीही महत्त्वाचं असू दे. म्हणून त्याच्यामागे आपणच लागायचं.

सुरुवात आदल्या रात्री करा. झोपायच्या आधी उद्याची कामं कागदावर लिहा, जास्तीत जास्त 6, आणि महत्त्वाप्रमाणे नंबर टाका. ही पद्धत अमेरिकेतल्या आयव्ही ली या सल्लागाराच्या नावाने ओळखली जाते. एक नंबरचं झाल्याशिवाय दोनला हात लावायचा नाही, उरेल ते उद्याच्या यादीत. सकाळी लिहायला बसू नका, कारण मोबाईल हातात घेतला की दुसऱ्यांचीच कामं डोक्यात शिरतात.

आता नंबर ठरवायचे कसे? आयसेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष असताना 1954 च्या एका भाषणात त्यांनी घाईची कामं आणि महत्त्वाची कामं यातला फरक सांगितला होता. मला तो सगळ्यात कामाचा वाटतो. स्वतःला एवढंच विचारा, हे आज नाही केलं तर महिन्याभराने काही बिघडेल का? बिघडणार असेल तर ते वर.

समजा तुमचं दुकान आहे आणि दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरता. जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचा तपशील, त्याची तारीख 11, आणि 3बी म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, त्याची 20. महिन्याच्या 5 तारखेला हे काम महत्त्वाचं असतं पण घाईचं नसतं, म्हणून ढकललं जातं, आणि मग 19 च्या रात्री पोर्टल स्लो, होलसेलवाल्याचं एक बिल सापडत नाही, सीए फोन उचलत नाही. 3बी ची तारीख गेली की रोजची 50 रुपये लेट फी, शिवाय राहिलेल्या टॅक्सवर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. म्हणून 4 तारखेच्या रात्रीच यादीत एक नंबरला टाका, पण नुसतं "जीएसटी" लिहू नका, बघूनच नको वाटतं. "विक्रीची बिलं एक्सेलमध्ये चढवणे" असं लिहा, म्हणजे बसल्या बसल्या हात चालू होतो.

एक नंबरच्या कामाला दिवसाचा पहिला मोकळा तास द्या, फोन सायलेंट करून दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात लहान मूल असेल तर सकाळ आपली नसतेच, तिथे उगाच पहाटे उठायचा हट्ट नको, दुपारी ते झोपलं की तो तास आपला. एवढं सलग बसवत नसेल तर 25 मिनिटं काम, 5 मिनिटं ब्रेक असं करा.

लाईटबिल, रिचार्ज, परत करायचे फोन ही किरकोळ कामं जेवणानंतर एकदमच उरका, तेव्हा डोकं तसंही सुस्त असतं.

आणि एखादं काम तीन-चार दिवस सारखं पुढच्या यादीत जात असेल तर तिथे थांबा. मोठं असेल तर तुकडे करा, दुसऱ्या कोणाला जमत असेल तर सरळ त्याला सांगा, आणि कोणाचंच काही अडत नसेल तर खुशाल काट मारा.