गुदाशयातली दुर्मिळ गाठ: कापण्याआधीच्या या चुका टाळा

कोलोनोस्कोपीत गुदाशयात एक छोटी, गुळगुळीत, पिवळसर गाठ दिसते. साधा पॉलिप समजून ती तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापली जाते आणि मग रिपोर्ट येतो: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ), कापलेल्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी आहेत. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ही गाठ अस्तराच्या खाली पसरते, त्यामुळे वरवरच्या फासातून तिचा तळ निसटतो. शिवाय कापलेल्या जागी व्रण होतो आणि नंतरच्या सोनोग्राफीत व्रण कुठला, उरलेली गाठ कुठली, हे ओळखणं कठीण जातं.

शंका आली की हात आवरा, फोटो घ्या आणि आधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे गुदाशयात प्रोब घालून आतून केलेली सोनोग्राफी, करा. त्यात गुदाशयाची भिंत पाच थरांत दिसते. न्यूरोएंडोक्राइन गाठ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या थरात काळसर दिसते. ती १० मिमीपेक्षा लहान असेल, चौथ्या म्हणजे स्नायूच्या थरात शिरलेली नसेल आणि लसिकाग्रंथी संशयास्पद नसतील, तर सहसा दुर्बिणीतूनच, बँड लावून किंवा ईएसडीने (अस्तराखालून गाठ सोलून काढण्याची पद्धत), मुळापासून काढता येते. २० मिमीच्या पुढे बहुतेकदा ऑपरेशन लागतं. मधल्या आकारात खोली आणि ग्रेड (पेशी किती वेगाने वाढतात) पाहिल्याशिवाय कुणी छातीठोक सांगू नये.

गाठ चौथ्या थरातूनच उगवलेली असेल तर जिस्टचा (पचनमार्गाच्या भिंतीत उगवणारी वेगळ्या प्रकारची गाठ) विचार करा. इथे चिमट्याने अस्तराचा तुकडा घेऊन 'नॉर्मल' रिपोर्टवर निश्चिंत होणं धोक्याचं आहे. सुई गाठीच्या आत जायला हवी, तीही अल्ट्रासाउंडवर बघत. निदान झालं तरी लगेच मोठ्या ऑपरेशनची घाई नको. गाठीची जनुक तपासणी अनुकूल असेल तर इमॅटिनिब या औषधाने गाठ आधी आकसवता येते. त्यामुळे गुदद्वाराचा स्नायू वाचू शकतो आणि पोटावरची शौचाची कायमची पिशवी टळू शकते. माणसाच्या रोजच्या जगण्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

तपासणीतही चुका होतात. पोट नीट साफ नसेल तर चित्र बिघडतं. प्रोबवरचा फुगा जास्त फुगवला की थर दबतात. तिथे पाणी भरून पाहावं. प्रोब तिरका धरला तर गाठ आहे त्यापेक्षा खोल भासते. आणि लांबच्या ग्रंथी या तपासणीच्या टप्प्यात येत नाहीत, त्यासाठी एमआरआय लागतो.

रुग्णांनो, रिपोर्टमध्ये गाठीचा आकार, थर, ग्रंथी आणि गुदद्वारापासूनचं अंतर लिहिलेलं आहे ना, हे बघा. नसेल तर गाठ काढण्याची तारीख घेण्याआधी विचारा.