दीर्घिका आणि पार्श्वप्रारणाचे नकाशे जुळवताना या चुका टाळा

दर रविवारी नौपाड्यात माझ्याकडे एमएस्सीची तीन-चार मुलं प्रोजेक्ट घेऊन बसतात. परवा एकीने लॅपटॉप पुढे सरकवला. दीर्घिकांचा नकाशा तिने पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या सूक्ष्मतरंगांच्या, नकाशाशी ताडला होता. दोन्हींत संबंध (कोरिलेशन) दिसला, तर ती डार्क एनर्जीची, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणाऱ्या ऊर्जेची, खूण. "सर, कोरिलेशन शून्यच येतंय. डार्क एनर्जी नाहीच का?"

अगं, आधी निर्देशांक बघ! स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या दीर्घिकांचे विषुवांश-क्रांती, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्तावर आधारलेले निर्देशांक, तिने तसेच नकाशावर टाकले होते. पार्श्वप्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाचा नकाशा असतो आकाशगंगेच्या निर्देशांकांत. शिवाय हीलपाय या आकाशनकाशांच्या पायथन पॅकेजला थीटा हा कोन देताना तो उत्तर ध्रुवापासून मोजायचा असतो. ही चूक जवळजवळ प्रत्येकाची होते.

आपण शोधतोय ते फार नाजूक आहे. महासमूहाच्या गुरुत्वीय खड्ड्यात उतरताना प्रकाश ऊर्जा कमावतो, चढताना गमावतो. डार्क एनर्जीमुळे तो बाहेर पडेपर्यंत खड्डा उथळ होतो आणि थोडी ऊर्जा शिल्लक राहते. साक्स आणि वुल्फ यांनी हा परिणाम १९६७ मध्ये मांडला. दीर्घिकांशी ताडून तो पकडायची कल्पना क्रिटेंडन आणि टुरॉक यांची, १९९६ ची. पार्श्वप्रारण २.७२५ केल्विनचं, आणि ही खूण केल्विनच्या काही दशलक्षांश भागांची.

म्हणून शून्यापेक्षा मला भीती वाटते ती ठसठशीत उत्तराची. आपल्या आकाशगंगेची धूळ मागच्या दीर्घिका झाकते आणि सूक्ष्मतरंगांत स्वतः चमकते. झालं, खोटा ऋण संबंध तयार! दीर्घिका समजून मोजलेले तारे उलट खोटा धन संबंध देतात. दोन्ही नकाशांना एकच मास्क (नको असलेला भाग झाकणारा नकाशा) लावा, सरासरी न झाकलेल्या भागाचीच वजा करा. मग १००, १४३ आणि २१७ गिगाहर्ट्झवर वेगवेगळं करून बघा. खरी खूण तिन्हींत सारखी येते, धुळीची वारंवारतेबरोबर वाढते. ही तपासणी झाल्याशिवाय मी आलेख बघतसुद्धा नाही. एका अंशाहून लहान कोन सोडून द्या. तिथे दीर्घिकासमूहांतला तप्त वायू घोळ घालतो.

त्रुटी काढताना तिने ४९,१५२ पिक्सेलच्या वर्गमुळाने भागलं होतं. शेजारचे पिक्सेल स्वतंत्र नसतात. पार्श्वप्रारणाचे हजार कृत्रिम नकाशे बनवा, प्रत्येक खऱ्या दीर्घिकांशी ताडा. उत्तरांचा पसारा हीच त्रुटी. सगळं आकाश हाती असलं तरी ही खूण सात-आठ सिग्मांपुढे, म्हणजे त्रुटीच्या सात-आठ पटींपुढे, जात नाही. वीस आले तर कोडमध्ये बग शोधा.

आणि बायस, म्हणजे एकूण द्रव्याच्या तुलनेत दीर्घिका किती जास्त गोळा झाल्यात ते प्रमाण, दीर्घिकांच्या आपसातल्या कोरिलेशनवरून काढा. अंदाजाने १ धरलात, तर त्यातली चूक थेट डार्क एनर्जीच्या आकड्यात उतरते.