‘गॅस संपला’ म्हणणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा

पणजीत मिरामारला समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आमचा फ्लॅट. दोन वर्षांत एसीत तीनदा गॅस भरून घेतला. प्रत्येक वेळी बिल तीन हजारांच्या आसपास आणि कारण तेच, ‘वहिनी, गॅस संपलाय.’ सासूबाईंना दमा आहे, मे महिन्यातला उकाडा त्यांना सोसवत नाही, म्हणून मी मुकाट्यानं पैसे देत गेले.

खरं सांगायचं तर एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. हे मला चौथ्या मेकॅनिकनं दाखवलं. बाहेरच्या युनिटला नळी जोडतात त्या नटाभोवती काळपट, तेलकट डाग होता. गॅसबरोबर थोडं ऑइल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. त्यानं साबणाचा फेस लावला, तर बारीक बुडबुडे फुटायला लागले. मग नळीचं टोक कापून नवं केलं, नायट्रोजन भरून गळती तपासली, व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली आणि युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाएवढाच गॅस काट्यावर मोजून भरला. बिल ४,३०० झालं, पण त्यातला एक पैसाही मला जड गेला नाही.

म्हणून माणूस निवडताना फोनवरच विचारा: गळती कशी शोधता, व्हॅक्युम पंप आणि वजनकाटा आणता का? ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं तर दुसरा बघा. व्हिजिटचे पैसे किती, काम केलं तर ते बिलातून वळते होतात का, सर्व्हिसमध्ये बाहेरचं युनिट धुतात का, हेही आधीच ठरवा. पट्टीवर गॅसचं नाव आर-३२ असेल तर दुसरा गॅस भरू देऊ नका. पीसीबी, म्हणजे एसीतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, बदलायला सांगितला तर जुना परत मागा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला बोलवा. वार्षिक करार करताना गॅस आणि सुटे भाग त्यात धरलेत का, ते लिहून घ्या. स्वस्त करारात बहुतेकदा नुसती साफसफाईच असते.

आपल्याकडे खारा वारा कॉइल, म्हणजे गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी, खातो. किनाऱ्याजवळ राहत असाल तर नवा एसी घेताना तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप बघूनच घ्या.

सर्व्हिस शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आधी करून घ्या. मे महिन्यात कोणी फोनसुद्धा उचलत नाही. दुसरी सर्व्हिस गणेश चतुर्थी झाल्यावर करा, कारण पावसाळ्यात पाण्याच्या नळीत शेवाळ साचतं आणि पाणी भिंतीवर उतरतं. फिल्टर मात्र मी दर रविवारी स्वतः धुते, आणि तो नीट वाळल्यावरच सासूबाईंच्या खोलीतला एसी लावते.